साडभाऊ आणि थंड हवेची मशीन

उन्हाळ्याशी इतकं खासगी वैर धरलेला माणूस मी माझ्या साडभाऊंशिवाय दुसरा पाहिला नाही. ऊन सगळ्यांनाच लागतं, आणि आमच्या चांद्याचं ऊन तर असं की दुपारी रस्त्याने ओळखीचा माणूस जाताना दिसला तरी कोणी हाक मारत नाही. हाक मारली तर त्या बिचाऱ्याला थांबावं लागेल. पण बाकीचे लोक ऊन सोसतात, साडभाऊ ते मनाला लावून घेत. शेजाऱ्याने बांध कोरल्यावर शेतकरी जसा धोतर खोचून उभा राहतो, तसे ते चैत्राच्या पहिल्या झळेला दारात उभे राहत आणि म्हणत, "आला का बे? ये. पाहतो तुले." साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान; तेही मला साडभाऊच म्हणत. आरमोरीजवळच्या एका खेड्यात त्यांची धानाची शेती होती. वयाने ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्या वेळी त्यांचं जे वय होतं ते आज माझं आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला हसू येतं, आणि हसू ओसरायच्या आत शरम वाटायला लागते. दोन्ही एकाच गोष्टीमुळे. ती गोष्ट सांगितल्याशिवाय साडभाऊ सांगता येणार नाहीत, म्हणून सांगतो.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि आमच्या प्रांताचा कारभार नागपुराहून चाले. मी एका लाकडाच्या ठेकेदार शेठजींकडे कारकून होतो. साडभाऊ धानाची मळणी आटोपली की नदीकाठच्या नाल्यांमधून वाळ्याच्या मुळ्या खणून काढत, धुऊन वाळवत, आणि होळी झाली की बांबूच्या ट्रकवर मुळ्यांचे भारे आणि वर स्वतः, असे चांद्याला येऊन उतरत. दोन-अडीच महिने मुक्काम आमच्या घरी. सिव्हिल लाईनच्या बंगल्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून द्यायच्या, हे त्यांचं उन्हाळ्याचं काम. बांबूच्या कमच्यांची चौकट, तिच्यात वाळा भरायचा, खिडकीला टांगायची, वरून पाणी सोडायचं, आणि बाहेरची लू आत येता येता गार वाऱ्याची झुळूक होऊन यायची. असं काम करणारे गावात आणखी दोघेतिघे होते. पण ते ताट्या बांधत, साडभाऊ थंडावा करून देत. हा फरक ते स्वतः सांगत नसत. ज्यांच्या घरी त्यांची ताटी होती ते सांगत.

आमच्या घरात पाऊल टाकलं की पहिल्या तासात ते माठाची जागा बदलत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलत. माझी बायको पाण्यासाठी जायची तेव्हा आधी माठ शोधायची. एकदा तो परसात पेरूच्या झाडाखाली अर्धा पुरलेला सापडला. ती चिडून म्हणाली, "भाऊजी, मले भरायले किती दूर पडते ते पाहा." साडभाऊ शांतपणे म्हणाले, "तू एक वर्ष झालं त्याले चुलीपाशी ठेवून राह्यली. त्याले कोनी विचारलं का, बापा, तुले कुठी बरं वाटते?" माठाची ही बाजू तिने कधी ऐकली नव्हती, त्यामुळे ती तांब्या घेऊन पेरूकडे गेली. मग चूल बाहेर गेली, माझं टेबल उत्तरेकडे गेलं, कपड्यांची दांडी हवेला आडवी येते म्हणून काढली गेली. माणसांनाही ते सोडत नसत. दुपारी कोणी झोपलं आणि वारा फिरला की ते त्याची खाट उचलून वाऱ्याच्या नव्या वाटेवर नेऊन ठेवत, त्याला न उठवता. मी एका रविवारी माजघरात झोपलो आणि जागा झालो तेव्हा शेजाऱ्यांच्या शेळीशी माझं तोंड समोरासमोर होतं. साडभाऊ जवळ बसून माझ्याकडे समाधानाने पाहत होते. "कसं वाटून राह्यलं?" त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं.

हवा पाहायची त्यांची रीत जगावेगळी होती. सगळे लोक बोट ओलं करून वाऱ्यात धरतात. साडभाऊ कानाची पाळी ओली करून धरत. कारण विचारलं तर म्हणत, "बोटाले काम करून करून घट्टे पडते. त्याले काय समजते? कान दिवसभर रिकामा राह्यते." मग डोळे मिटून, मान वाकडी करून ते सांगत की ही हवा इरई नदीकडून आली, ही खाणीकडून, ही कुठेतरी मोहाच्या झाडाखालून येऊन राह्यली. पटो न पटो, ऐकणारा नकळत आपल्या कानाला हात लावायचा. माझ्या शेठजींनासुद्धा मी एकदा गोदामात कानाची पाळी ओली करताना पाहिलं आहे.

बंगल्यांमध्ये त्यांचा दरारा होता. एका बड्या साहेबांच्या ऑफिसात ताटी टांगून झाल्यावर ते निघेनात. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "साहेब, तुम्ही हवेच्या वाटेत बसून राह्यले. तुमाले ओलांडून ते बिचारी कशी जाईन?" साहेब उठले. टेबल सरकवलं गेलं. त्यानंतर साहेब महिनाभर भेटेल त्याला सांगत होते की एका धोतरवाल्या माणसाने माझी बदली दीड हातावर केली. ताटी लावलेल्या प्रत्येक घरी साडभाऊ आठवड्यातून एकदा ऐन दुपारी तपासणीला जात. कोणाची परवानगी घ्यायची नाही. कोपऱ्यात मांडी घालून पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, आणि उठून निघून जायचं. घरचे लोक आपले जेवत असत. एखाद्या घरी गेले नाहीत तर तिथून निरोप यायचा, आमचं काही चुकलं का म्हणून.

माझे शेठजी मोठे हौशी. त्यांच्या म्हाताऱ्या आईला उन्हाळा सोसेना. मागल्या वैशाखात ती बाई दोनदा चक्कर येऊन पडली होती. शेठजींनी कोणाकडे तरी ऐकलं आणि कलकत्त्याहून थंड हवेची मशीन मागवली. लाकडी खोक्यातली ती मशीन स्टेशनावरून बैलगाडीने आली तेव्हा गाडीमागे माणसं चालत होती. थंडी सरता सरता नागपूरहून एक मिस्त्री येऊन आईंच्या खोलीच्या खिडकीत ती बसवून गेला. जाताना त्याने एक इंग्रजी पुस्तक शेठजींच्या हातात दिलं आणि शेठजींनी ते माझ्या हातात दिलं. "बाबू, तू अंग्रेजी पढा हुआ है. आता मशीनची जिम्मेदारी तुझी."

इथून माझी लबाडी सुरू होते. नोकरीला लागताना मी माझं इंग्रजी जितकं होतं त्याच्या दुप्पट सांगितलं होतं. लाकडाच्या मापाची इंग्रजी पावती मला वाचता येई. त्या पुस्तकातलं निम्मंही समजेना. समजलेली पानं मी शेठजींना मोठ्याने वाचून दाखवली, न समजलेली उलटली. एका पानावर नुसतं चित्र होतं. मशीनची खिडकीबाहेरची बाजू, आणि तिच्यातून बाहेर जाणारे बाण. खाली चार ओळी. मी ते पानही उलटलं.

चैत्र आला. मशीनची ती बाहेरची बाजू परसात, पश्चिमेला. उन्हात तापणारा तो पत्रा पाहून मला चैन पडेना. आमच्याकडे जे मोलाचं असतं ते उन्हातून काढायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. बैलाला मांडव घालतात, माठाला ओलं फडकं गुंडाळतात, म्हाताऱ्या माणसाला आतल्या खोलीत नेतात. तशी मी मशीनला झोपडी बांधली. साडभाऊंनी ताट्यांसाठी आणलेल्या बांबूच्या कमच्यांचा एक भारा त्यांना न विचारता उचलून नेला, शेठजींच्या लाकूड-डेपोतल्या दोन मजुरांकडून कुडाच्या भिंती विणून घेतल्या, त्यांना आतून-बाहेरून शेणमातीचा लेप दिला, वर छप्पर. कुठे फट राहू दिली नाही. काम इतकं चोख झालं की मशीनऐवजी माणूस राहिला असता तर वर्षं दोन वर्षं आरामात राहिला असता. घरचे नोकर तेव्हा रामनवमीच्या सुटीवर होते, आणि ते मजूर दुसऱ्या दिवशी अल्लापल्लीच्या जंगलात कामावर गेले. शेठजी परसाकडे कधी फिरकत नसत. एक दिवस दाखवू, शाबासकी घेऊ, असा माझा विचार होता.

वैशाखात मशीन खऱ्या अर्थाने सुरू केली आणि ती काही थंड करेना. घरघर मात्र अशी की वाटावं आत पिठाची गिरणी आहे. सुरुवातीला थोडी गार हवा यायची, अर्ध्या तासात कोमट व्हायची, मग खोली आणि अंगण यात फक्त आवाजाचा फरक उरायचा. पॉवर हाऊसचा तारमिस्त्री आला आणि विजेचा दाब कमी आहे म्हणाला. मी पुस्तक हातात धरून गंभीरपणे सांगितलं की खोली मोठी आहे. आई खाटेवर घामाने निथळत होत्या. शेठजींचा पारा रोज एकेक घर चढत होता. शेवटी ते म्हणाले, "कोणीतरी हिला बिघडवलंय. ज्यानं बिघडवली असेल, सापडू दे. तो उद्यापासून माझ्या कामावर नाही." घरी माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडून बाणांच्या त्या चित्राकडे पुष्कळ वेळ पाहिलं, परसात जाऊन झोपडीच्या भिंतीला हात लावला, आणि हात काढून घेतला. भिंत चुलीच्या पाठीसारखी तापली होती, लेपाला भेगा पडल्या होत्या. मला समजलं. निदान समजायला लागलं. पण झोपडी मोडायची म्हणजे माळ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांसमोर मोडायची. मी उद्यावर ढकललं.

उद्या उजाडला आणि शेठजींनी साडभाऊंना बोलावणं पाठवलं.

या मशीनमुळे साडभाऊ खट्टू होतील म्हणून मी तिच्याविषयी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. सिव्हिल लाईनमध्ये मात्र चर्चा होतीच की आता वाळ्याचे दिवस संपले. साडभाऊ आले, खोलीच्या दारात उभे राहिले आणि मशीनकडे असे पाहू लागले, जणू एखाद्या घरी नवी सून आली आहे, तिला भेटायला आले आहेत. "पाहू तं द्या तिले," ते म्हणाले, आणि कानाची पाळी ओली करून मशीनच्या तोंडापुढे उकिडवे बसले.

पहिल्यांदा त्यांनी डोळे उघडून खोलीतली माणसं मोजली. थंडी पाहायला शेजारपाजारचे सतरा लोक आले होते, त्यात एक बाई शेगडीवर आईंसाठी काढा उकळत होती. "एक एक मानूस म्हंजे एक एक चूल हाये जी," साडभाऊ म्हणाले. "सतरा हे अन् अठरावी ते शेगडी. अठरा चुली पेटवून ठेवल्या, अन् तिले म्हणता थंड कर." लोक बाहेर गेले. मग त्यांनी मशीनचं तोंड खालीवर चाचपलं, एक जाळी बाहेर ओढली. आरागिरणी जवळच असल्याने जाळीवर लाकडाच्या भुशाचा घोंगडीएवढा थर होता. "हिचं नाकच बंद हाये. श्वास कुठून घेईन?" जाळी धुऊन बसवली. दाराखालची फट गोणपाटाने बुजवली. थोडा फरक पडला. मग ते उठले आणि खोलीच्या बाकीच्या दोन खिडक्यांकडे गेले. तिथे त्यांच्याच गेल्या उन्हाळ्यातल्या ताट्या टांगलेल्या होत्या. शेठजींनी दुहेरी थंडावा व्हावा म्हणून त्यांच्यावरही पाणी सोडून ठेवलं होतं. साडभाऊंनी त्यांना हात लावून पाहिला आणि ते म्हणाले, "हे काढा. इथी माह्या ताट्या चालत नाई."

"का?" शेठजींनी विचारलं.

"ते कोरडी हवा करून राह्यली, अन् मी ओली. एका घरात दोन कारभारी झाले. हे घर आता तिचं हाये. काढा."

त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही ताट्या उतरवल्या आणि खिडक्या लावून घेतल्या. पुढे जे झालं ते ठरवताना शेठजींना एवढी एक गोष्ट आठवली असती तरी पुरे होतं. मला तर ती आठवतच होती.

मशीन आता बरी चालत होती, पण थंडावा म्हणावा असा नव्हता. "तोंड पाहिलं. आता पाठ पाहू," साडभाऊ म्हणाले. मी म्हटलं, "मागं काही नाही, नुसता पत्रा आहे." ते माझ्याकडे न पाहता चालायला लागले. परसात वळल्यावर झोपडी दिसली. ते थांबले. भिंतीवर तळवा टेकवला. भेगेला कान लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्यांनी लेपातून बाहेर आलेलं कमचीचं एक टोक निरखलं. स्वतः तासलेली कमची तो माणूस हजारांत ओळखेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ज्याला चांगला पोहता येतो समजत होतो तो बुडताना दिसला की माणूस जसा पाहतो, तसं.

"आपली गरमी ते इथून बाहेर टाकून राह्यली," ते हळूच म्हणाले. "अन् तुम्ही तिच्या पाठीवर गरमीचंच गाठोडं बांधलं, साडभाऊ." आणि त्यांनी दोन्ही हातांनी भिंत ओढायला सुरुवात केली. मीही ओढू लागलो. भिंत आडवी झाली तेव्हा आतून जी हवा आली तिने माझ्या भुवया करपल्यासारखं वाटलं. नेमके तेव्हाच शेठजी आमच्या मागे येऊन उभे होते.

"हे कोणाचं काम?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण त्यातून आवाज निघायच्या आधी साडभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "माहं. ह्या कमच्या माह्याच हायेत, पाहून घ्या. मले वाटलं, बिचारी उन्हात उभी हाये."

शेठजींनी कमच्या पाहिल्या. बाहेर चर्चा होतीच, ती त्यांच्याही कानावर होती. "तुझा धंदा बुडेल म्हणून केलंस. माझी आई मरायला टेकली तिथे." साडभाऊंनी हातावरची शेणमाती झटकली. शेठजी म्हणाले, "पुन्हा माझ्या फाटकात दिसू नको."

"नाई दिसत. पन एक पाच मिनिटं आत बसू द्या जी. आता ते थंड होईन. कशी होते तेवढं पाहू द्या."

"फाटकाबाहेर," शेठजी म्हणाले.

ते गेले. मी पुस्तक हातात धरून उभा राहिलो. शेठजींनी मला आत नेलं. अर्ध्या तासात खोली अशी गार झाली की आईंनी पायावर चादर मागितली. शेठजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या बदमाशाला बरोबर पकडून दिलंस, म्हणाले. ती थाप मी घेतली.

साडभाऊ रस्त्याच्या वळणावर कडुनिंबाखाली माझी वाट पाहत बसले होते. मी जवळ गेलो आणि मला रडू फुटलं. ते म्हणाले, "तुमाले कामावरून काढलं असतं. मले कोन काढते? मी कामावरच नाई." मग आम्ही चालू लागलो. चालता चालता त्यांनी वाऱ्याकडे कान केला. मग विचारलं, "झाली का थंड?"

"झाली."

"कसा हाये तो थंडावा? ओला का कोरडा?"

"कोरडा. हिवाळ्यातल्या पहाटेसारखा."

"वास?"

"वास नाही."

त्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला. घर आलं तेव्हा म्हणाले, "वासाशिवाय समजत नसन, कुठून आली ते." आणि माठ कुठे ठेवला आहे ते पाहायला परसात गेले.

पुढच्या होळीनंतर ते नेहमीसारखे आले. पण बंगल्या-बंगल्यांतून स्वयंपाकी बाहेर येऊन सांगत की यंदा नको. मशीन बिघडवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती पसरली होती, आणि ती पसरवणाऱ्या गप्पांमध्ये माझं नाव हुशार कारकून म्हणून येई. ज्या साहेबांची त्यांनी बदली केली होती त्यांच्याकडे फक्त काम मिळालं, ते साहेबही त्याच पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात गेले. त्याच्या पुढच्या वर्षी साडभाऊ आले नाहीत. आमचा माठ वर्षभर एकाच जागी राहिला.

मी आरमोरीला गेलो. धान निघालं होतं. खळ्यावर ते उफणणीसाठी वाऱ्याची वाट पाहत बसले होते, कानाची पाळी ओली. मी म्हटलं, मी शेठजींना खरं सांगतो, आधी बाईंना सांगतो. बाई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. साडभाऊ पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "असं नोका करू. मी तिले सांगितलं हाये का मीच बांधली. आता तुम्ही खरं सांगान तं मी खोटा पडतो. ह्या वयात मले खोटं पाडता का?" मी म्हटलं, पण तुमचं नाव गेलं. "माहं नाव चांद्यात गेलं. मी आरमोरीत राह्यतो." तेवढ्यात वारा सुटला आणि ते सूप घेऊन उभे राहिले. मला कबूल करायला हवं की मला हायसं वाटलं. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि गप्प राहणं मला सोयीचं होतं.

गावात त्यांनी आपलं वैर चालू ठेवलं. शाळेच्या खिडक्या बदलून घेतल्या. बैलांना दुपारी तळ्यात नेऊन बसवलं. बसची वाट पाहणाऱ्यांसाठी वडाखाली माठ ठेवले आणि त्यांच्या जागा रोज बदलल्या, त्यामुळे लोक पाण्याच्या शोधात बस चुकवू लागले. पण बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या की चैत्र लागला की ते सडकेवर जाऊन उभे राहतात, चांद्याकडे बांबूचा ट्रक जाताना दिसला की हात वर करतात, आणि ट्रक थांबला की "काई नाई, जा" म्हणतात.

अक्षयतृतीयेला आम्ही सगळे आरमोरीला जमायचो. जेवताना बाई दरवर्षी ती गोष्ट सांगायच्या. यांनी चांद्याच्या शेठच्या मशीनला कशी झोपडी बांधली, शेठ कसा लाल झाला. पोरं हसून लोळायची. साडभाऊ स्वतः सगळ्यांत जास्त हसत. मी ताटात पाहत जेवत असे. सात-आठ वर्षं मी ती गोष्ट ताटात पाहत ऐकली.

ते धान रोवण्याच्या दिवसांत गेले, शेतातल्या बांधीच्या पाण्यात पाय सोडून बसले असताना, एकाएकी. पुढची अक्षयतृतीया आली तेव्हा बाईंनी त्यांच्या नावाची घागर भरून ठेवली. पंगत बसली. बाई वाढता वाढता माझ्यापुढे आल्या आणि मला वाटलं, आता त्या गोष्ट सुरू करतील. या वेळी त्यांच्यावर हसलेलं मला ऐकवणार नव्हतं. मी म्हटलं, "बाई, ती झोपडी मी बांधली होती."

त्यांच्या हातातला भाताचा पळा थांबला नाही. "माहीत हाये मले," त्या म्हणाल्या.

"त्यांनी सांगितलं?"

"ते कायले सांगतीन? मरेपावतो म्हणत राह्यले, मीच बांधली. पन त्या मानसानं उभ्या जन्मात कोनाची हवा अडवली का? आमच्या कोंबड्याइच्या खुराड्याले त्याईनं चार खिडक्या ठेवल्या हायेत, पाहून या. अन् मशीन कोंडतीन म्हणे."

मी विचारलं, मग दरवर्षी ती गोष्ट कशाला सांगत होतात?

"तुमच्यासाठी सांगत होती जी," त्या म्हणाल्या. "यंदा बोलतीन, यंदा बोलतीन, असं करता करता इतके वर्षं गेले. त्याईच्या समोर बोलले असते तं मी तुमाले आणखी एक आंबा देल्ला असता." आणि माझ्या ताटात एक आंबा ठेवून त्या पुढच्या ताटाकडे गेल्या.

मला तो आंबा कसा खाल्ला ते आठवत नाही. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही. गेल्या वर्षी पोरांनी त्यांच्यामागे लकडा लावला, त्या शेठच्या मशीनची गोष्ट सांग म्हणून. बाईंचे डोळे आता अधू झाले आहेत. मी कुठे बसलो आहे ते त्यांनी आवाजावरून हेरलं आणि माझ्या दिशेला हात केला. "ते गोष्ट आता हे सांगतीन," त्या म्हणाल्या.

मी सांगितली. ते इंग्रजी पुस्तक माझ्या हातात आलं, तिथपासून.